पुढच्या इंडिया ट्रिपपर्यंत थांबू नका

पोस्ट लांबलचक आहे, बाळ झोपलं असेल तेव्हा वाचा. आणि विषय असा आहे की ग्रुपवर सहसा कुणी काढत नाही.

आपण इथे एकमेकांना सगळं विचारतो. चाइल्डकेअर कुठलं चांगलं, शाळेचा झोन कसा बघायचा, ४८२ वरून पीआरला किती वेळ लागतो, गणपतीची शाडूची मूर्ती कुठे मिळेल. पण गर्भनिरोधनाचा प्रश्न आला की तो आडवळणानं येतो. "पुण्याहून कुणी येतंय का? एक छोटं औषध आणायचंय, पीएम करते." बस. त्यापुढे कुणी काही बोलत नाही, आणि ते छोटं औषध कुणाच्या तरी बॅगेतून लोणच्याच्या बरणीशेजारी बसून मेलबर्नला येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. बाळ व्हायच्या आधीच, सातव्या-आठव्या महिन्यात, नवरा-बायकोने बसून ठरवायला हवं की बाळंतपणानंतर काय वापरायचं. आणि ते इथल्या डॉक्टरकडून, इथेच घ्यायचं. "पुढच्या ट्रिपला गेलो की बघू" ही योजना नव्हे. ती नुसती पुढची तारीख आहे.

ओळखीतल्या एकीचं सांगते. तिला विचारून लिहितेय, आणि ती ओळखू येईल असं काही लिहीत नाही. पहिलं सिझर. तिची आई मदतीला आलेली. बाळ अंगावर पीत होतं, पाळी सुरू झाली नव्हती, म्हणजे काही काळजी नाही असं दोघांनीही धरलं. पाचव्या महिन्यात बाळ रात्री सलग सात तास झोपायला लागलं. घरात केवढा आनंद! मग आई परत गेली. बाळ साडेआठ महिन्यांचं असताना हिला मळमळायला लागलं, आणि स्कॅनमध्ये कळलं की चौदा आठवडे झालेत. पाळी आलीच नव्हती, तर चुकल्याचं कळणार कुठून? दुसरं लेकरू आज गोड आहे, त्यावर कुणाचा जीव नाही असं नाही. पण ते वर्ष तिनं कसं काढलं ते तिलाच माहीत. सिझरचे टाके जेमतेम वर्षाचे, नवऱ्याची रात्रपाळी, कामावर परत जायचं ठरलेलं ते बारगळलेलं, आणि घरात तिसरं माणूस नाही.

तिथे असतो तर आई, सासूबाई, काकू, कामाच्या मावशी, कुणीतरी सावरून घेतं. इथे आपण दोघंच असतो. म्हणून हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा आहे, कमी नाही. एका बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणाआधी निदान २४ महिन्यांचं अंतर असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे दवाखान्याच्या भिंतीवर "पाळणा लांबवा" लिहिलेलं असायचं, ते हेच.

अंगावर पाजताना दिवस राहत नाहीत हे आपल्या आया सांगतात ते खोटं नाही, पण अर्धं आहे. ते चालतं, पण तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. पाळी अजिबात आलेली नको. आणि बाळ पूर्णपणे अंगावरच पाहिजे, म्हणजे फॉर्म्युला नाही, वरचं नाही, आणि दोन पाजण्यांत दिवसा चार तासांपेक्षा व रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर नाही. तिन्ही असतील तर शंभरातल्या ९८ जणींना दिवस राहत नाहीत. एक अट मोडली की भरवसा संपला. बाळ रात्रभर झोपायला लागतं तिथेच ती मोडते, आणि आपण मात्र फोटो टाकतो, "फायनली स्लेप्ट थ्रू!" शिवाय बीज पाळीच्या आधी सुटतं, नंतर नाही. म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. अंगावर पाजत नसाल तर बाळंतपणानंतर २१ दिवसांपासूनच काळजी घ्यावी लागते. सहा आठवड्यांच्या तपासणीला जीपी विचारतात, "गर्भनिरोधनाचं काय ठरवलंय?" आणि आपण हसून "वी आर ओके" म्हणतो. ओके कशाच्या जोरावर, ते डॉक्टरही विचारत नाहीत, आपणही सांगत नाही.

बरं, आपल्यातले बरेच जण प्रत्यक्षात काय करतात? कंडोम, नाहीतर कॅलेंडर, नाहीतर आयत्या वेळी बाहेर काढणं. हे कुणी कबूल करत नाही म्हणून मीच लिहिते. आता आकडे बघा. शंभर जोडप्यांनी वर्षभर नेहमीसारखं, म्हणजे कधीतरी विसरत, कधीतरी कंटाळा करत, एखादी पद्धत वापरली तर किती जणींना दिवस राहतात? बाहेर काढण्याच्या पद्धतीत साधारण २०. कंडोममध्ये १२-१३. गोळीत ७. तांबी किंवा दंडात बसवायची काडी असेल तर एकही नाही, फार तर एखादी. हा फरक औषधाच्या ताकदीचा नाही, आपल्या लक्षात राहण्याचा आहे. जी गोष्ट एकदा बसवून विसरता येते ती जिंकते. आणि तान्ह्या बाळाच्या घरात काय लक्षात राहतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून मी उघडपणे तांबी आणि काडीच्या बाजूची आहे. पण त्यांचेही नखरे आहेत, ते लपवून विकण्यात अर्थ नाही. दंडातली काडी, इथे इम्प्लॅनॉन म्हणतात, निदान तीन वर्षं चालते, बसवायला काही मिनिटं लागतात, आणि बाळंतपणानंतर हॉस्पिटलमधून घरी यायच्या आधीही बसवता येते. दुधावर परिणाम नाही. पण पाळीचं वेळापत्रक कोलमडू शकतं. काहींची पाळी बंद होते, काहींना मात्र थोडं थोडं अंगावर जातच राहतं, आणि घरात देवाचं पाळणाऱ्या बाईला ते नको होतं. हे आधी माहीत असेल तर ठीक. माहीत नसेल तर तिसऱ्या महिन्यात काढून टाकायला धावतात.

तांब्याच्या तांबीत हार्मोन नाहीत, पाच ते दहा वर्षं चालते, पण पाळी जास्त जाते आणि पोटात जास्त दुखतं. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे (आपल्यात अशा कितीतरी) त्यांनी विचार करून घ्यावी. मिरेना आणि कायलीना या हार्मोनच्या. त्यात तांबं नसलं तरी आपल्या आया त्यांनाही तांबीच म्हणणार. मिरेनाने पाळी उलट कमी होते, कधी थांबतेच. पाळी थांबली म्हणजे "घाण आत साठते" असं काही नसतं. अस्तर जाड होतच नाही, तर साठणार काय? आणि "तांबी वर चढते, काळजापर्यंत जाते" हे माझ्या आजीनेही सांगितलं होतं. काळजापर्यंत जात नाही. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका मात्र खरा आहे, हजारात एक-दोघींना, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईत थोडा जास्त. म्हणून रोज बसवणाऱ्या हाताकडे जावं. सगळे जीपी बसवत नाहीत, फोनवरच रिसेप्शनला विचारा. दुखण्याची भीती असेल तर तेही आधीच बोला. इथे काही क्लिनिक्समध्ये "ग्रीन व्हिसल" देतात, ती हिरवी शिट्टी, जी अॅम्ब्युलन्सवाले हाड मोडलेल्याला ओढायला देतात. मागायला लाजू नका.

गोळी हवी असेल तर साध्या गोळीत इस्ट्रोजेन असतं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्तात गुठळी होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो, त्यात ही गोळी नको. आणि त्याच काळात मुंबईचं तेरा-चौदा तासांचं विमान असेल तर नकोच नको. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन मग अर्धशिशी उठते अशा बाईला ती कधीच नको, रक्तदाब असेल तरी नको. इथला जीपी हे विचारतो. बॅगेतून आलेलं पाकीट विचारत नाही. अंगावर पाजणाऱ्यांसाठी मिनी पिल असते, पण जुन्या मिनी पिलला तीन तासांपेक्षा उशीर झाला तर संरक्षण गेलं. तान्हं बाळ असलेल्या घरात तीन तासांची शिस्त! स्लिंडा नावाच्या नव्या गोळीला २४ तासांची सूट मिळते, म्हणून ती बरी.

जाता जाता गणपतीच्या गोळ्यांबद्दल. दर ऑगस्टमध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची चौकशी सुरू होते, आणि कुणीतरी भारतातून आणलेली पट्टी वाटते. एक तर ती दुसऱ्याच्या नावावरची औषधं घेऊ नका. आणि मुख्य म्हणजे पाळी लांबवणारी ती गोळी गर्भनिरोधक नाही. "मी गोळ्या घेतेय ना" म्हणून कंडोम सोडलेल्या बायका असतात. सणासाठी पाळी ढकलायची असेल तर जीपीला तसंच सांगा, ते लिहून देतात, त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही.

आता पैशाचं, कारण "इंडियात स्वस्त पडतं" हे सगळ्यात मोठं कारण सांगितलं जातं. मेडिकेअर कार्ड असेल तर हे आता तितकं खरं राहिलेलं नाही. पीबीएसवर गोळीचं एक प्रिस्क्रिप्शन म्हणजे साधारण चार महिन्यांची गोळी. १ जानेवारी २०२६ पासून पीबीएसच्या औषधाला जास्तीत जास्त २५ डॉलर लागतात. यास्मिन आणि याझ १ मार्च २०२५ पासून पीबीएसवर आल्या, स्लिंडा १ मेपासून. त्याआधी तीस वर्षांहून जास्त काळ एकही नवी गर्भनिरोधक गोळी त्या यादीत गेली नव्हती. १ नोव्हेंबर २०२५ पासून तांबी आणि काडी बसवण्या-काढण्याचा मेडिकेअर परतावाही वाढवलाय, त्यामुळे बल्क बिल करणारं क्लिनिक शोधायला हरकत नाही. काडी, मिरेना, कायलीना पीबीएसवर आहेत. तांब्याची तांबी मात्र नाही, ती स्वतःच्या खिशातून. या देशातही हे सहज झालेलं नाही बरं का. १९६१ मध्ये गोळी इथे आली तेव्हा लग्न झालेल्या बाईलाच मिळायची आणि तिच्यावर २७.५ टक्के चैनीच्या वस्तूंचा कर होता. तो १९७२ मध्ये व्हिटलम सरकारने काढला.

मेडिकेअर नसलेल्यांची गोष्ट वेगळी, आणि ग्रुपमध्ये तेच बरेच आहेत. विद्यार्थी व्हिसा, ४८५, ४८२. ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्य करार आहे. भारताशी नाही. त्यामुळे तुमचा इन्शुरन्स जे देईल ते. पॉलिसीत काडी किंवा तांबी धरलीय का हे आधी लिहून विचारा, फोनवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. आणि लक्षात घ्या, ओव्हरसीज पॉलिसींमध्ये बाळंतपणासाठी बारा महिन्यांचा वेटिंग पिरियड बऱ्याचदा असतो. म्हणजे इथे नको त्या वेळी दिवस राहणं हे नुसतं धावपळीचं नाही, हजारो डॉलर्सचं काम आहे. काडीसाठी पूर्ण पैसे भरावे लागले तरी त्या हिशोबापुढे ते काहीच नाहीत.

भारतात जाऊन तांबी बसवली तर काय बिघडलं, असं विचाराल. औषध म्हणून काहीच नाही, तिथले डॉक्टर उत्तम. पण बसवल्यावर चार-सहा आठवड्यांनी दोरा तपासायचा असतो. तोवर तुम्ही परत आलेले. मध्येच ताप आला, दुखलं, सरकली, तर इथल्या डॉक्टरला कुठली, कधी, कुणी बसवली काहीच ठाऊक नसतं. निदान कार्ड आणा, त्यावर प्रकार आणि तारीख असते. आणि ट्रिप वर्षा-दोन वर्षांनी. तोवरचे महिने कुणाच्या भरवशावर?

लाजेचं म्हणाल, तर ती आपल्या भाषेची मक्तेदारी कधीच नव्हती. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सने काढलं, म्हणजे आपण मागे नव्हतो. या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले, त्यातला एक डॉ. आंबेडकरांनी लढवला. त्यांच्याच विचारानं शकुंतला परांजपे या कामात उतरल्या, आणि पुढे राज्यसभेत १९६४ ते १९७० नियुक्त खासदार होत्या. आता गंमत ऐका. शकुंतलाबाईंचे वडील, रँग्लर परांजपे, हे १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर होते, आणि नात सई परांजपे यांचं काही बालपण कॅनबेरात गेलं. म्हणजे ज्या मराठी घरात हा शब्द मोकळेपणानं उच्चारला जात होता, त्या घरानं आपल्या आधी ऐंशी वर्षं इथे बिऱ्हाड केलं होतं. आणि आपण २०२६ मध्ये पीएम करतोय.

कर्व्यांचं आणखी एक. मूल नको असं त्यांनी आणि मालतीबाईंनी ठरवलं, तेव्हा शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःवर करून घेतली, बायकोवर नाही. इथून पुढचं दादालोकांसाठी.

भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. याला इतिहास आहे. आणीबाणीत पुरुषांना धरून धरून नसबंद्या केल्या, महाराष्ट्राने तर सक्तीचा कायदा विधिमंडळात मंजूरही केला होता, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही. त्या धसक्याने आपल्या वडिलांच्या पिढीत हा शब्द शिवीसारखा झाला. समजू शकते. पण आपण आता मेलबर्न-सिडनीत आहोत आणि इथे कुणी धरून नेत नाही. बाईच्या नळ्यांचं ऑपरेशन म्हणजे पूर्ण भूल, पोटातून दुर्बीण, सरकारी हॉस्पिटलमध्ये वेटिंग लिस्ट. पुरुषाचं म्हणजे जागा बधिर करून, साधारण वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी, दोन दिवस बर्फाची पिशवी आणि क्रिकेट. ताकद जात नाही, मर्दानगी जात नाही, वीर्यही दिसायला तेच राहतं. फक्त लगेच सोडून द्यायचं नाही. साधारण तीन महिन्यांनी नमुना तपासून "शुक्राणू नाहीत" असा रिपोर्ट येईपर्यंत दुसरं काहीतरी वापरायचं. आणि हे कायमचं समजूनच करायचं, उलटवण्याची खात्री कुणी देत नाही.

दोन बाळंतपणं, त्यातलं एखादं सिझर, मग तांबी, मग गोळ्यांचे हार्मोन, मग परत ऑपरेशनही तिचंच? दुसऱ्या मुलानंतर "आता पुरे" असं दोघांनी ठरवलं असेल तर माझ्या मते पाळी नवऱ्याची आहे. यावर कमेंटमध्ये भांडायला मी तयार आहे.

एवढं करूनही चूक झाली तर, कंडोम फाटला, गोळी राहिली, तर इमर्जन्सी पिल इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय केमिस्टकडे मिळते, फार्मासिस्टशी दोन मिनिटं बोलावं लागतं इतकंच. साधी गोळी तीन दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. एला-वन पाच दिवसांपर्यंत. पाच दिवसांच्या आत तांब्याची तांबी बसवली तर ती या दोन्हींपेक्षा खात्रीची. अंगावर पाजत असाल तर ते फार्मासिस्टला आवर्जून सांगा. आणि दिवस राहिलेच, नकोच असतील, तर भारतातून गर्भपाताचं किट मागवू नका, हात जोडून सांगते. इथे गर्भपात कायदेशीर आहे, नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतो, आणि त्या जीपी लिहून देऊ शकतात. रक्तस्राव थांबला नाही तर कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असतं, त्याची किंमत त्या वेळी कळते. व्हिक्टोरियात असाल तर १८०० माय ऑप्शन्सला फोन करा, जवळचं क्लिनिक सांगतात, नाव विचारत बसत नाहीत.

अपॉइंटमेंट घेताना "लाँग" मागा, पंधरा मिनिटांत हे बोलून होत नाही. इंग्रजीत असलं बोलायला जड जात असेल तर १३१ ४५० या टीआयएसच्या नंबरवरून डॉक्टर फोनवर दुभाषा घेऊ शकतात, आधी सांगून मराठी मागा, आणि बाई दुभाषा हवी तर तेही सांगा. नवऱ्याला दुभाषा बनवू नका. त्याला शेजारच्या खुर्चीत बसवा, प्रश्न त्यालाही पडायला हवेत. आई किंवा सासूबाई आल्या असतील तर तेवढा तासभर बाळ त्यांच्याकडे द्या. कुठे चाललात विचारलं तर "डॉक्टरकडे" म्हणा, खरंच आहे ते.